स्वातंत्र्य मिळविलें कोणीं आणि मिळालें कोणास?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट आपल्याकडे बहुतेक अशी सांगितली जाते: इंग्रजांनीं चहावर कर बसविला, बोस्टनच्या लोकांनीं चहा समुद्रांत फेंकला, जॉर्ज वॉशिंग्टन सेनापति झाला, जेफर्सननें जाहीरनामा लिहिला, आणि आठ वर्षें लढून तेरा वसाहती स्वतंत्र झाल्या. गोष्ट खोटी नाहीं. परंतु एखाद्या वाड्याचें वर्णन करतांना मालकाचें नांव, दिवाणखान्यांतील हंड्या-झुंबरें व दरवाजाची कमान एवढेंच सांगावें, आणि पाया कोणीं खणला, दगड कोणीं वाहिले, व वाडा उभा राहिल्यावर त्या पाथरवटांस ओसरीवर तरी बसूं दिलें कीं नाहीं, याचा उच्चारही करूं नये, तशांतली ती आहे. आम्ही खेड्यांतले मास्तर; आमच्यापुढें बसणारीं मुलें कुणब्यांचीं, चांभारांचीं, धनगरांचीं. सेनापतीचें नांव पाठ करून तीं परीक्षेंत पास होतात. पण बंदूक कोणीं धरली, उपाशी कोण राहिलें आणि शेवटीं त्याच्या पदरांत काय पडलें, हें कोणी सांगूं लागला म्हणजे तींच मुलें कान टवकारतात. वडील माणसांनीं तरी ही बाजू कां ऐकूं नये?

आधीं कराची गोष्ट. इ. स. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धांत इंग्लंडनें फ्रान्सकडून कॅनडा जिंकला. परंतु त्यापायीं इंग्लंडच्या डोक्यावरचें कर्ज जवळजवळ दुप्पट झालें. तें फेडावयास वसाहतींनीं हातभार लावावा म्हणून लंडनच्या पार्लमेंटनें १७६५ सालीं स्टँपाचा कायदा केला. वर्तमानपत्र, खरेदीखत, परवाना, फार काय खेळण्याचे पत्ते सुद्धां सरकारी छापाचेच पाहिजेत असें ठरलें. वसाहतवाल्यांचें म्हणणें असें कीं, ज्या पार्लमेंटांत आमचा एकही प्रतिनिधि नाहीं, त्या पार्लमेंटास आमच्या खिशांत हात घालण्याचा अधिकार नाहीं. म्हणणें रास्त होतें. पण तें कागदावर लिहिलें वकिलांनीं व व्यापाऱ्यांनीं, आणि रस्त्यावर खरें करून दाखविलें तें चांभारांनीं, दोरखंडें वळणारांनीं, खलाशांनीं व गोदीवरच्या हमालांनीं. बोस्टनमधील त्या वर्षींच्या दंग्याचा पुढारी एबेनेझर मॅकिंटॉश हा चांभार होता. जमावानें स्टँप विकण्यास नेमलेल्या अंमलदाराचा पुतळा जाळला, आणि थोड्याच दिवसांनीं डेप्युटी गव्हर्नर टॉमस हचिन्सन याचा वाडा एका रात्रींत आंतून पार उद्ध्वस्त केला. दुसऱ्या वर्षीं कायदा रद्द झाला. व्यापारी मंडळी खूष झाली, पण मनांतून दचकलीही. वाडा इंग्रजांच्या बाजूच्या माणसाचा होता खरा. तरी वाडा तो वाडाच!

पुढें १७७० च्या ५ मार्च रोजीं बोस्टनच्या रस्त्यावर गोऱ्या शिपायांनीं गोळ्या झाडल्या, त्यांत पांच माणसें मेलीं. त्यांतला एक क्रिस्पस अटक्स हा आफ्रिकन व अमेरिकेंतील मूळ रहिवासी अशा दोन्ही रक्तांचा खलाशी होता. स्वातंत्र्याच्या पहिल्या बळींत त्याचें नांव घेतात. परंतु ज्या स्वातंत्र्यासाठीं तो मेला असें म्हणतात, त्यांत त्याच्या जातभाईंस वांटा मिळावयास पुढें पाऊणशें वर्षांच्या वर लागलीं.

चहाविषयीं तर मोठा गैरसमज आहे. कर वाढवून चहा महाग केला म्हणून लोक चिडले, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या (होय, तीच, जिनें तेव्हां बंगाल्यांत आपलें बस्तान बसविलें होतें) वखारींत चहाचे ढीग पडून राहिले होते, आणि कंपनी बुडण्याच्या बेतांत होती. तिला तारण्यासाठीं पार्लमेंटनें १७७३ सालीं तिला तो चहा थेट अमेरिकेंत नेऊन विकण्याची मुभा दिली. पौंडामागें तीन पेनीचा जुना कर कायम ठेवूनही हा चहा पूर्वीपेक्षां स्वस्त पडणार होता. स्वस्ताईनें मधले व्यापारी व डच चहा चोरून आणणारे सावकार बुडणार होते, म्हणून ते ओरडले. सामान्य माणसाला दिसलें तें निराळेंच. स्वस्ताईच्या मधाचें बोट लावून कर घेण्याचा हक्क आपल्या घशाखालीं उतरविला जात आहे, हें त्यानें ओळखलें. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं तीन गलबतांवरील ३४२ पेट्या फोडून चहा बंदरांत फेंकला गेला. चहा चीनचा, कंपनी लंडनची, फेंकणारे बोस्टनचे! त्या फेंकणारांत जॉर्ज ह्यूझ म्हणून एक चांभार होता. थोड्याशा कर्जापायीं तो पूर्वीं तुरुंग पाहून आला होता. तो पुढें युद्धांतही लढला, आणि गरीब होता तो गरीबच राहून १८४० सालीं म्हातारा होऊन मेला. त्याच्या तोंडची हकीकत ऐकून छापावी असें लोकांस सुचलें, तेव्हां त्या रात्रीला साठ वर्षें होऊन गेलीं होतीं.

चहाचा सूड म्हणून इंग्रजांनीं बोस्टन बंदर बंद केलें. वसाहतींचे प्रतिनिधि १७७४ च्या सप्टेंबरांत फिलाडेल्फिया येथें काँग्रेस भरवून बसले, आणि १९ एप्रिल १७७५ रोजीं लेक्सिंग्टन व कॉन्कॉर्ड या गांवीं पहिली चकमक झाली. दारूगोळा जप्त करण्यास आलेल्या पलटणीस परत बोस्टनपर्यंत पिटाळीत नेलें तें दगडी बांधांच्या आडून गोळ्या झाडणाऱ्या शेतकऱ्यांनीं.

तरी त्या वेळींही बहुतेकांच्या तोंडीं स्वातंत्र्याचा शब्द नव्हता. राजा चांगला, प्रधान वाईट, अशीच समजूत होती. ती समजूत मोडली टॉमस पेन यानें. हा मनुष्य जन्मानें इंग्लंडचा. बायकांच्या काचोळ्या शिवणें हा बापाचा धंदा, तोच कांहीं दिवस त्यानें केला. नंतर जकातीच्या खात्यांत नोकरी करून तीही गमावली. १७७४ च्या अखेरीस तो अमेरिकेंत उतरला आणि जानेवारी १७७६ मध्यें त्यानें 'कॉमन सेन्स' म्हणजे साधी अक्कल या नांवाचें एक लहानसें पुस्तक काढलें. त्यांत लॅटिन वचनें नाहींत, कायद्याचे कीस नाहींत. राजा हा देवानें नेमलेला नसतो, आणि बापाचें राज्य मुलाकडे जावें यांत अक्कल कोठें आहे, हें त्यानें लोहारास व सुतारास कळेल अशा भाषेंत विचारलें. तें पुस्तक दारूच्या गुत्त्यांत व छावण्यांत मोठ्यानें वाचीत. विद्वानांनीं दहा वर्षें वाद घालून जें झालें नाहीं तें काचोळ्या शिवणाराच्या पोरानें कांहीं महिन्यांत केलें. याच पेनचें 'राइट्स ऑफ मॅन' हें १७९१ सालीं निघालेलें पुस्तक पुढें पुण्यांत तरुण जोतीराव फुले यांच्या हातीं आलें, हें वाचकांस ठाऊक असेलच. साध्या भाषेचें बीं किती दूर जाऊन रुजतें पहा.

४ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. सर्व माणसें समान निर्माण झालीं आहेत, आणि राज्य हें प्रजेच्या संमतीनें चालतें, असें त्यांत म्हटलें आहे. हे शब्द लहान नाहींत. पण लिहिणारा टॉमस जेफर्सन आपल्या हयातींत सहाशेंहून अधिक गुलामांचा धनी होता. गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथीं मारणारा एक परिच्छेद त्यानें मसुद्यांत घातला होता. तोही काँग्रेसनें काढून टाकला. दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया या वसाहतींच्या धन्यांस तो रुचणारा नव्हता, असें जेफर्सननेंच पुढें लिहून ठेवलें आहे. त्याच जाहीरनाम्यांत देशाच्या मूळ रहिवाशांस निर्दय रानटी म्हटलें आहे. ज्यांची भूमि, तेच रानटी! १७६३ सालीं इंग्रज राजानें वसाहतवाल्यांस अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करण्याची मनाई केली होती, आणि त्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांत स्वतः वॉशिंग्टनही होता. ही गोष्ट कराच्या ओरडीमागें झांकून जाते.

आतां लढणारांकडे वळूं. पहिल्या वर्षीं उत्साहाच्या भरांत सर्व थरांतले लोक धांवले. परंतु पेरणी-कापणी टाकून वर्षानुवर्षें छावणींत कोण राहणार? ज्याच्याजवळ चार पैसे होते त्यानें आपल्या बदलीं दुसरा मनुष्य पैसे देऊन पाठविला. कायद्यानें तशी सवड होती. म्हणून १७७७ पासून जी कायमची फौज उभी राहिली, तिच्यांत भूमिहीन शेतमजूर, शेतकऱ्यांचीं धाकटीं पोरें, आयर्लंडांतून व जर्मनींतून आलेले चाकर, आणि स्वतंत्र व गुलाम काळे लोक यांचाच भरणा झाला. अमेरिकेच्या बाजूनें लढलेल्या काळ्या लोकांची संख्या सुमारें पांच हजार धरतात. ऱ्होड आयलंडनें तर १७७८ सालीं गुलामांस मुक्ततेचें वचन देऊन पलटणींत घेतलें. माणूस गुलाम असतांना समान नव्हता. माणसांचा तुटवडा पडतांच समान झाला.

१७७७-७८ चा हिंवाळा या फौजेनें फिलाडेल्फियाजवळ व्हॅली फोर्ज येथें काढला. सुमारें बारा हजार माणसें तेथें गेलीं. त्यांतलीं सुमारें दोन हजार लढाईनें नव्हे तर रोगराईनें मेलीं. पायांत जोडा नाहीं, अंगावर घोंगडी नाहीं, पोटांत कधीं कधीं नुसती पिठाची व पाण्याची भाकर. आणि हें दुष्काळी मुलखांत नव्हे हो! आजूबाजूचे शेतकरी आपलें धान्य फिलाडेल्फियांत बसलेल्या इंग्रजांस विकीत, कारण इंग्रज रोख नाणें मोजीत आणि काँग्रेसच्या कागदी नोटा कोणी घेईना. त्या नोटांची किंमत इतकी घसरली कीं १७८० सालीं काँग्रेसनेंच चाळीस कागदी डॉलरांस एक रोकडा डॉलर असा भाव ठरविला. शिपायाचा पगार मात्र कागदांतच! तोही महिनोन् महिने थकलेला. १ जानेवारी १७८१ रोजीं पेन्सिल्व्हेनियाच्या पलटणी थकल्या पगारासाठीं व मुदत संपल्यावर घरीं जाऊं द्यावें म्हणून बंड करून उठल्या. त्यांची कशीबशी समजूत घातली. त्याच महिन्यांत न्यू जर्सीच्या पलटणींनीं तेंच केलें, तेव्हां वॉशिंग्टननें दोघां म्होरक्यांस त्यांच्याच सोबत्यांकडून गोळ्या घालविल्या. पगार मागणें हा गुन्हा ठरला.

इंग्रजांनाही काळ्यांचा कळवळा होता असें कोणीं समजूं नये. व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डन्मोर यानें नोव्हेंबर १७७५ मध्यें जाहीर केलें कीं, बंडखोर धन्याचा जो गुलाम पळून येऊन आमच्यासाठीं शस्त्र धरील तो मोकळा. इंग्रजांच्या बाजूच्या धन्यांचे गुलाम मात्र गुलामच! कामापुरता मामा. तरीही हजारों लोक पळाले. त्यांना जाहीरनाम्यांतला आत्मा इंग्रजांच्या छावणींत दिसला, कारण दुसरीकडे दार बंद होतें. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या शेतावरचा हॅरी नांवाचा एक गुलामही त्यांत होता. ऑक्टोबर १७८१ मध्यें यॉर्कटाऊन येथें कॉर्नवालिसची फौज कोंडली गेली आणि दाणापाणी संपत आलें, तेव्हां याच आश्रयास आलेल्यांपैकीं देवी निघालेल्या काळ्या माणसांस इंग्रजांनीं छावणीबाहेर हांकून दिलें. जोसेफ प्लंब मार्टिन या अमेरिकन शिपायानें त्यांचीं प्रेतें रानांत जागजागीं पडलेलीं पाहिलीं.

यॉर्कटाऊनचा विजय फ्रेंचांवांचून झाला नसता. इंग्रजांचा शत्रु तो आपला मित्र, या न्यायानें फ्रान्सनें १७७८ सालीं तह करून पैसा, पलटणी व आरमार दिलें, आणि फ्रेंच आरमारानें समुद्राची वाट अडविली म्हणूनच कॉर्नवालिसला १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं शरण यावें लागलें. इंग्रजांशीं लढणारा म्हैसूरचा हैदरअल्लीही तिकडे इतका माहीत होता कीं पेन्सिल्व्हेनियानें आपल्या एका लढाऊ गलबताला त्याचें नांव दिलें, आणि त्या गलबतानें एप्रिल १७८२ मध्यें इंग्रजांचें एक जहाज पकडलें. कॉर्नवालिसचें मात्र नशीब बलवत्तर! तिकडे हरलेला हा सरदार १७८६ सालीं इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, टिपूशीं लढतांना त्यानें मराठ्यांस व निजामास आपल्या बाजूस घेतलें, आणि १७९३ सालीं बंगाल्याच्या रयतेच्या मानेवर कायमचा जमीनदार बसविला. असो.

१७८३ सालीं तह होऊन स्वातंत्र्य मिळालें. त्या तहांत मूळ रहिवाशांचा शब्दानेंही उल्लेख नाहीं. त्यांना न विचारतां त्यांची भूमि या गोऱ्यांनीं त्या गोऱ्यांस दिली. इरोक्वाय लोकांपैकीं पुष्कळांनीं इंग्रजांची बाजू घेतली म्हणून १७७९ मध्यें वॉशिंग्टनच्या हुकुमानें त्यांचीं चाळीसांच्या आसपास गांवें व उभीं पिकें जाळलीं होतीं. पण त्यांतल्याच ओनायडा लोकांनीं अमेरिकेची बाजू घेतली होती. त्यांच्या जमिनीही पुढें गेल्याच.

आणि शिपाई? येथें जरा थांबून हिशेब पाहण्यासारखा आहे. फौज मोडली तेव्हां तिजोरींत पैसा नव्हता, म्हणून शिपायांस थकल्या पगाराबद्दल पुढें कधीं तरी पैसे देऊं अशा चिठ्ठ्या दिल्या. घरीं आलेल्या शिपायास बैल पाहिजे, बियाणें पाहिजे, पोरांस भाकर पाहिजे; चिठ्ठी काय चाटायची आहे? त्यानें ती व्यापाऱ्यास पौंडाला दोन-तीन शिलिंगांस विकली, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबानें रुपयाला दोनच आणे पदरांत पडले. मग मासाच्युसेट्स संस्थानानें काय केलें? कर्ज व त्यावरचें व्याज फेडण्यासाठीं शेतकऱ्यांवर जबर कर बसविला आणि तो रोख नाण्यांत मागितला. नीट लक्षांत घ्यावें. ज्या शिपायानें आपली चिठ्ठी दोन आण्यांस विकली, त्यानेंच आतां कर भरावयाचा, कीं त्या चिठ्ठीचें व्याज विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यास मिळावें! आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आपल्या आयाबायांनीं जात्यावर बसून केली असेल. पण बोस्टनच्या शेटजींनीं ती जणूं पाठ केली होती. कर चुकला कीं शेत जप्त, गुरें लिलांवांत, आणि कर्जदार तुरुंगांत.

१७८६ च्या उन्हाळ्याअखेर पश्चिम मासाच्युसेट्सचे शेतकरी उठले व त्यांनीं जप्तीचे हुकूम काढणारीं कोर्टें बंद पाडण्यास सुरुवात केली. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा युद्धांत कॅप्टन होता. लाफायेतनें भेट दिलेली तलवार त्यानें पैशांच्या अडचणींत विकली होती, असें सांगतात. संस्थानाच्या खजिन्यांत फौज पाठविण्यास पैसा नव्हता. तेव्हां बोस्टनच्या व्यापाऱ्यांनीं वर्गणी काढून फौज उभी केली. शिपायाच्या पगारास नसलेला पैसा शिपायाला गोळी घालण्यास बरोबर निघाला. जानेवारी १७८७ मध्यें स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापुढें तोफ डागून चार जण मारले आणि बंड मोडलें. चिठ्ठ्यांचें पुढें काय झालें म्हणाल, तर १७९० सालीं खजिनदार हॅमिल्टन यानें ठरविलें कीं, चिठ्ठी ज्याच्या हातीं असेल त्यालाच तिची पूर्ण किंमत धरून सरकारी रोखे द्यावे. मूळच्या शिपायासही कांहीं वांटा द्यावा अशी सूचना मॅडिसननें आणली होती, ती पडली.

वर ज्याचें नांव आलें तो जोसेफ मार्टिन वयाच्या पंधराव्या वर्षीं फौजेंत शिरला आणि युद्ध संपेपर्यंत राहिला. नंतर मेन प्रांतांत त्यानें रान तोडून जमीन केली. ती जमीन कागदोपत्रीं माझी आहे असें सांगत मालक पुढें आला. मालक कोण? हेन्री नॉक्स, याच युद्धांतला तोफखान्याचा सरदार व मार्टिनच्याच फौजेचा सेनानी! मार्टिनला पैसे भरतां आले नाहींत. १८१८ सालीं काँग्रेसनें गरीब शिपायांस पेन्शन द्यावयाचें ठरविलें, तेव्हां आपण निर्धन आहों असें कोर्टांत सांगून त्यानें महिना आठ डॉलर मिळविले. १८३० सालीं त्यानें आपली हकीकत स्वतः लिहून छापली, आणि त्यावर आपलें नांवही घातलें नाहीं. सेनापतींच्या चरित्रांपेक्षां हें एक पुस्तक मुलांस वाचून दाखवावें असें माझें मत आहे.

आमच्यांतलेच कांहीं मित्र हें ऐकून म्हणतात कीं, मग तें युद्ध सगळें थोतांडच कीं! मला हें पटत नाहीं. राजा गेला, जहागिरदारी किताब कायद्यानें बंद झाले, आणि मुख्य म्हणजे एक शब्द मोकळा सुटला. शब्द ज्यानें लिहिला त्याच्याच घरांत तो कोंडून राहत नाहीं. मासाच्युसेट्सच्या शेफील्ड गांवीं जॉन अ‍ॅशली नांवाचा एक मातबर मनुष्य होता. १७७३ सालीं त्याच्या घरीं बसून गांवच्या पुढाऱ्यांनीं माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचे ठराव लिहिले. मसुदा लिहिणारा वकील थिओडोर सेजविक. त्याच घरांत बेट नांवाची एक गुलाम बाई राबत होती. तिच्या मालकिणीनें एकदां दुसऱ्या मुलीवर उगारलेला तापलेला फावडा बेटनें आपल्या हातावर झेलला. तो डाग जन्मभर राहिला. १७८० सालीं संस्थानाची घटना झाली, तिच्यांत सर्व माणसें जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असें पहिलेंच कलम आहे. बेटनें तें ऐकलें. तिला लिहितां वाचतां येत नव्हतें. ती उठून त्याच सेजविक वकिलाकडे गेली आणि विचारती झाली कीं, हा कायदा मलाही लागू नाहीं का? १७८१ च्या ऑगस्टांत कोर्टानें तिला मोकळी केली व अ‍ॅशलीकडून तीस शिलिंग नुकसानभरपाई देवविली. तिनें एलिझाबेथ फ्रीमन असें नांव घेतलें आणि मजुरी घेऊन सेजविकच्या घरीं काम करूं लागली.

आतां पुढची गोष्ट पहा. फेब्रुवारी १७८७ मध्यें शेजच्या बंडांतले उरलेसुरले शेतकरी सेजविकच्या घरावर चालून आले. सेजविक बाहेरगांवीं होता. घरांतलीं चांदीचीं भांडीं एलिझाबेथनें आपल्या पेटींत लपविलीं, आणि पेटी उघडूं पाहणारांस एका गरीब काळ्या बाईची पेटी फोडतां काय, असें हिणवून परत लाविलें. ही हकीकत त्या घरच्या मुलीनें, कॅथरीन सेजविकनें, पुढें लिहून ठेवली आहे. एका बाजूस चिठ्ठी गमावलेला शिपाई, दुसऱ्या बाजूस नुकतीच साखळी तुटलेली बाई. दोघांच्या मध्यें सावकाराच्या बाजूच्या वकिलाची चांदी. दोघेही नाडलेले, आणि दोघांनाही एकमेकांचा हिशेब ठाऊक नाहीं. वरच्या लोकांचें राज्य बंदुकीवर टिकतें असें म्हणतात. मला वाटतें, तें अशा पेट्यांवर अधिक टिकतें.

आधीं राज्य हातीं येऊं द्या, घरांतले वांधे मागाहून मिटवूं, असें म्हणणारे पुढारी तिकडेही होतेच. १७८७ सालीं फिलाडेल्फियास घटना लिहितांना त्यांनीं दक्षिणेच्या धन्यांस तोडून टाकूं नये म्हणून वांधा मागें टाकला. प्रतिनिधि मोजतांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें धरावीं. गुलामांचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करूं नये. पळालेला गुलाम धन्यास परत द्यावा. १७९० च्या शिरगणतींत एकूण ३९ लक्ष लोकांत सुमारें ७ लक्ष गुलाम होते. १८६० सालीं ते सुमारें ४० लक्ष झाले. मागाहून मिटवूं म्हणतां म्हणतां पाऊणशें वर्षें घोंगडें भिजत पडलें, आणि १८६१ ते १८६५ च्या घरच्या लढाईंत सहा लक्षांच्या वर माणसें मेल्यावर तें वाळत घातलें गेलें. त्या वेळीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं झिजलेल्या अमेरिकन लोकांसच जोतीरावांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला. चहा फेंकणारांस किंवा जाहीरनाम्यावर सह्या करणारांस नव्हे. ही निवड त्यांनीं जाणून केली असें मी समजतों.

वॉशिंग्टनविषयीं अन्याय होऊं नये म्हणून सांगतों कीं, त्यानें मृत्युपत्रांत आपल्या मालकीच्या गुलामांस मोकळें करण्याचें लिहून ठेवलें. जेफर्सनला एवढेंही झालें नाहीं. पण १७८३ च्या मे महिन्यांत, तह व्हावयाच्या बेतांत असतां, याच वॉशिंग्टननें इंग्रज सेनापति कार्लटन यास भेटून पळालेले गुलाम परत मागितले होते. कार्लटननें साफ नाकारलें. वचन दिलें आहे, तें मोडणार नाहीं, म्हणाला. सुमारें तीन हजार काळ्या माणसांचीं नांवें एका वहींत लिहून त्यांना न्यूयॉर्कहून गलबतांत चढविलें. त्या वहींत माउंट व्हर्ननच्या हॅरीचेंही नांव आहे. धन्याचेंच आडनांव लावून तो हॅरी वॉशिंग्टन झाला होता. तो नोव्हा स्कोशियाच्या थंडींत गेला. तेथें कबूल केलेली जमीन धड मिळेना, म्हणून १७९२ सालीं सुमारें बाराशें लोकांबरोबर आफ्रिकेंत सिएरा लिओन येथें जाऊन राहिला. तेथील इंग्रज कंपनीनें या लोकांच्या जमिनींवर, त्यांच्या संमतीवांचून, सारा बसविला. १८०० सालीं ते त्याविरुद्ध उठले. जॉर्ज वॉशिंग्टनला मरून तेव्हां वर्षही झालें नव्हतें. कंपनीनें बंड मोडलें, आणि हॅरी वॉशिंग्टनला दोषी ठरवून नदीपलीकडच्या किनाऱ्यावर हद्दपार केलें.